रोहिणीचे पाणी, कार्ल्याचे खांब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसले. भाद्रपदातला पाऊस ओसरला की ते आम्हाला कार्ल्याला न्यायचे. पायऱ्या चढून धापा टाकत आम्ही एकवीरेच्या देवळापाशी पोचलो की आधी दर्शन, मग लेणे. चैत्यगृहात शिरल्यावर ते पिशवीतून टॉर्च काढत आणि एका मुलाच्या हातात देत. मुलगा तो सरळ खांबावर मारायचा. खांब उजळायचा, पण त्यावर काहीच दिसायचे नाही. "समोरून नाही, कडेने धर," गुरुजी सांगत. टॉर्च खांबाला घासून धरला की खाचांमध्ये सावली पडायची आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून एकेक अक्षर वर यायचे. मग गुरुजी वाचायचे: धेनुकाकटच्या यवनाने दिलेला खांब. म्हणजे त्या नावाच्या गावच्या परदेशी माणसाने. बहुधा ग्रीक, किंवा ग्रीकांच्या वंशातला.

आम्हाला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. आमचे लक्ष पायथ्याशी मिळणाऱ्या काकडीकडे. आज साठी उलटल्यावर त्या खांबाकडे मी पुन्हा वळते आहे, कारण आजचा विषय मला तिथूनच सुरू करता येतो. डाव्या विचारांच्या माणसांनी देशांच्या सीमा ओलांडून शांततेसाठी जे काम केले, त्याबद्दल मला बोलायचे आहे. आणि ते मी एका अशा माणसाच्या आधाराने बोलणार आहे, ज्याने ही अक्षरे वाचण्यासाठी मावळ पायी तुडवला आणि जो त्याच वर्षांत जागतिक शांतता परिषदेचा सदस्य होता. दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. शिक्षण अमेरिकेत, हार्वर्डमध्ये. १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले आणि १९४० च्या दशकाच्या मध्यापासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीनने जायचे आणि डेक्कन क्वीननेच यायचे. तुमच्यापैकी ज्यांनी नोकरीची वर्षे गाडीत काढली आहेत त्यांना ही दिनचर्या सांगायला नको. मळवली, कार्ल्याचा डोंगर, लोहगड-विसापूरची जोडी, खंडाळ्याचे बोगदे हे सगळे त्या माणसाच्या खिडकीतून रोज दोनदा जात होते. पण खिडकीतून बघून त्यांचे समाधान होत नसे. सुट्टीच्या दिवशी ते उतरून चालायचे. कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी. धनगरांच्या वाटा, शेंदूर लावलेले दगड, गावाबाहेरच्या मातृदेवता. वाटेत सापडलेल्या गारगोटीच्या इवल्या हत्यारांचे त्यांनी ढीग जमवले.

त्यांची पद्धत एका उदाहरणात सांगते. जुन्या चांदीच्या आहत नाण्यांचा क्रम लावायचा होता. त्यावर राजाचे नाव नाही, वर्ष नाही. कोसंबींनी हजारो नाणी तराजूत घातली. नाणे जितके हातोहाती फिरते तितके झिजते, हलके होते. वजनातली ती सूक्ष्म घट मोजून नाणे किती काळ फिरले असेल याचा हिशेब त्यांनी मांडला, आणि हिशेब खरा आहे का हे पाहायला आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली. इतिहास म्हणजे राजांच्या गोष्टी नव्हेत, माणसे कशावर जगली आणि त्यातले कोणाच्या वाट्याला काय आले याचा तो हिशेब, ही त्यांची धारणा होती. हीच नजर घेऊन ते शांततेच्या चळवळीत गेले.

त्या आधी त्यांच्या वडिलांकडे वळायला हवे. धर्मानंद कोसंबी घर सोडून बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरले, पाली पंडित झाले, हार्वर्डला आणि लेनिनग्राडला गेले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथातले एक प्रकरण मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचते. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, आजारी माणूस, प्रेत आणि संन्यासी पाहून, असे आपण शाळेत शिकतो. मीही तीस वर्षे तेच शिकवले. धर्मानंदांनी पाली ग्रंथ तपासून दाखवले की ही कथा मुळात दुसऱ्या एका बुद्धाची, नंतर येऊन चिकटलेली. खुद्द गौतमाच्या तोंडचे जे जुने सूत्र आहे, त्यात तो सांगतो की कमी पाण्यात मासे तडफडावे तशी माणसे एकमेकांशी झगडताना पाहून मला भय वाटले. शाक्य आणि कोलीय ही शेजारची, सोयरीक असलेली गणराज्ये. मध्ये रोहिणी नदी. भांडण तिच्या पाण्याचे. हातात शस्त्र घेण्याची वेळ आली तेव्हा ते न घेणे, हे धर्मानंदांच्या मते गृहत्यागाचे खरे कारण. याच विषयावर त्यांनी 'बोधिसत्त्व' हे नाटकही लिहिले.

म्हणजे आशियातल्या शांततेच्या सर्वांत मोठ्या परंपरेच्या मुळाशी, या मराठी पंडिताला दिसले ते काय? पाटाच्या पाण्याचे भांडण. उन्हाळ्यात ज्याने शेजाऱ्याशी पाळीवरून वाद घातला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

मुलाने हा धागा उचलला, पण जगाच्या नकाशावर. दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे झाली नव्हती. हिरोशिमा-नागासाकीच्या जखमा ओल्या होत्या. ऑगस्ट १९४९ मध्ये रशियानेही अणुबॉम्बची चाचणी केली. त्याच वर्षी पॅरिसला शांतता परिषद भरली. तिच्यासाठी पिकासोने कबुतर काढले, तेच पुढे जगभर भिंतींवर दिसले. मार्च १९५० मध्ये स्टॉकहोमचे आवाहन निघाले: अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घाला आणि ती प्रथम वापरणाऱ्या सरकारला युद्धगुन्हेगार माना. जगभरातून जवळजवळ ५० कोटी सह्या झाल्याचे संयोजकांनी सांगितले. अध्यक्ष होते फ्रेंच अणुशास्त्रज्ञ फ्रेदेरिक जोलिओ-क्युरी. सोबत इंग्लंडचे जे. डी. बर्नाल. आपल्याकडे अमृतसरचे डॉ. सैफुद्दीन किचलू, जालियनवाला बागेतली ती सभा ज्यांच्या अटकेच्या निषेधासाठी भरली होती, त्यांपैकी एक. आणि पुण्याचे कोसंबी.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. नकाशावर ओढलेल्या एका रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारी माणसे, आणि वरून कोसळणारे नापाम. ऑक्टोबर १९५२ मध्ये, ते युद्ध चालू असतानाच, बीजिंगला आशिया आणि पॅसिफिक प्रदेशांची शांतता परिषद भरली. तीसहून अधिक देशांचे प्रतिनिधी होते. भारतीय मंडळाचे नेते किचलू होते, कोसंबीही होते. परिषदेने कोरियातले युद्ध थांबवा म्हटले, जपानला पुन्हा शस्त्रसज्ज करू नका म्हटले. पण मला त्यातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. फाळणीला पाचच वर्षे झाली होती. किचलू स्वतः काश्मिरी घराण्यातले, अमृतसर होरपळलेले पाहिलेले. त्या परिषदेत भारताच्या आणि पाकिस्तानच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून काश्मीरचा प्रश्न शांततेने सोडवावा असे संयुक्त निवेदन केले. दोन सरकारांना जे जमत नव्हते ते दोन्हीकडच्या काही माणसांनी तिसऱ्या देशात एका टेबलाशी बसून केले. त्याने काश्मीर सुटले नाही. तरी तो कागद झाला होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

ही परंपरा एकदम उगवलेली नव्हती. सोलापूरचा एक मुलगा मुंबईला केईएम रुग्णालयाच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. त्याची गाडी याच घाटातून जायची. कर्जतला मागे इंजिने लागायची आणि आपल्या लोणावळ्याला सुटायची. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांच्या आवाहनावर पैसे जमले आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि कोटणीस. अटल आधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून आले होते. ज्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे संचालक झाले, ते ज्यांच्या नावाचे होते ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून, तेही स्पेनहूनच चीनला आलेले. ते रुग्णालय होते आघाडीच्या मागे, डोंगरातल्या खेड्यांत, शत्रू जवळ आला की उचलून दुसरीकडे न्यायचे असे. आणि त्याचे नाव काय? बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय. वडील गेल्याची बातमी चीनमध्ये कळली तेव्हा कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे आपल्याला त्यांचे मरण माहीत आहे. मला वाटते त्यांचे काम अधिक माहीत हवे: रोज सकाळी खेड्यातल्या चिनी पोरांना शरीरशास्त्र त्यांच्याच भाषेत शिकवण्यासाठी हा सोलापूरचा माणूस चिनी शिकला होता.

आता जे बोलणे भाग आहे ते बोलते. या चळवळीत एक मोठी खोट होती. तिची संघटना सोव्हिएत रशियाच्या छायेत वाढली आणि त्या छायेत जे घडले ते तिला दिसले नाही, किंवा दिसूनही बोलता आले नाही. १९५६ मध्ये हंगेरीत रणगाडे शिरले तेव्हा जागतिक शांतता परिषदेला एक ठाम भूमिका घेता आली नाही. एका बाजूच्या बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूच्या बॉम्बबद्दल आवाज खाली ठेवला. आणि १९५२ ला ज्या बीजिंगमध्ये आपली माणसे मैत्रीची भाषणे करून आली, त्या चीनशी दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, आपले युद्ध झाले. ज्या घरांत कोटणीसांची तसबीर होती त्या घरांत त्या वर्षी काय बोलले गेले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. या चळवळीवर प्रेम असेल तर ही खोट लपवू नये. लपवली की पुढच्या पिढीला सगळेच खोटे वाटते.

कोसंबींना मी या सगळ्यातून वेगळे काढू पाहत नाही. ते त्या चळवळीत होते, तिच्या परिषदांना गेले, तिच्या मर्यादाही त्यांना लागू आहेत. पण आपल्या बाजूच्या माणसाला चूक म्हणण्याची ताकद त्यांच्यात होती. १९४९ मध्ये कॉम्रेड डांगे यांचे प्राचीन भारतावरचे पुस्तक आले तेव्हा त्यावर सर्वांत कठोर परीक्षण कोणी लिहिले? कोसंबींनी, मार्क्सवादी म्हणूनच. पुरावा नसेल तर आपल्या माणसाचेही मान्य नाही. तराजूत नाणे घातले की ते कोणाच्या खिशातले आहे हे तराजू बघत नाही.

आणि हाच तराजू त्यांनी अणुशक्तीला लावला. ते ज्या संस्थेत काम करत होते ती भारताच्या अणुसंशोधनाचे घर होती. तिथेच राहून ते लेखांतून आणि भाषणांतून विचारत राहिले की आपल्या देशाला कोणती ऊर्जा परवडते? १९५७ मध्ये त्यांनी सूर्य की अणू असा प्रश्नच मांडणारा लेख लिहिला. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबात याच विषयावर बोलले. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. अणुभट्टीला अफाट भांडवल लागते, ती थोड्यांच्या हाती राहते, तिचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या धोक्याचा आणि तिचे एक दार बॉम्बकडे उघडते. ऊन मात्र आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस, प्रत्येक गावात, कोणाच्या परवानगीशिवाय पडते. त्यावर संशोधन करा, असे ते म्हणत होते. १९६२ मध्ये त्यांचा त्या संस्थेशी असलेला करार पुढे वाढला नाही. चार वर्षांनी, २९ जून १९६६ रोजी, ते पुण्याच्या घरी झोपेतच गेले. वय ५८. आज मावळातल्या शेतावर सौरपंप दिसतो तेव्हा मला त्या माणसाची आठवण होते.

लोणावळ्यात ऊर्जेबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. वळवण, शिरवता, लोणावळा ही आपली तळी. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरते आणि १९१५ पासून मुंबईला वीज देते. त्या विजेवर गिरण्या चालल्या. आणि शेजारच्या मुळशीत धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला. वीज खालच्या शहराला, पाण्याखाली गेलेली खाचरे वरच्या गावांची. कोसंबी ऊर्जेच्या वाटपाचा प्रश्न शांततेच्या प्रश्नाला जोडत होते ते हवेतून नव्हे.

पुढची गोष्ट बोलायला मला जड जाते, पण मावळात उभे राहून ती गाळता येणार नाही. ९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला विरोध करायला शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले. गोळीबार झाला. तिघे गेले, त्यांत एक बाई. त्या दिवशी मी घरी दूरदर्शनसमोर बसले होते आणि धर्मानंदांची रोहिणी नदी डोक्यातून जात नव्हती. अडीच हजार वर्षे. शाक्य आणि कोलीय यांच्या जागी शेत आणि शहर. शहरालाही पाणी लागते. पिंपरीच्या चाळीतली बाईही पहाटे नळापाशी उभी असते, आणि तिच्यात नि बऊरच्या बाईत वैर असायचे काही कारण नाही. बहुतेक त्या दोघी कुठल्या तरी लग्नात एका पंगतीला बसलेल्या असतील. पण हिशेब कोणी दोघींसमोर उघडून मांडला नाही की पाण्यावरून बंदूक चालायला वेळ लागत नाही.

म्हणून मी म्हणते की कोसंबी पितापुत्रांकडून घ्यायचे ते हे. शांतता परिषदा, कबुतरे, ठराव यांची मला किंमत आहे. ती माणसे नसती तर जग आणखी वाईट असते. पण त्यांतली टिकाऊ माणसे ती, जी परदेशी जाऊन भाषण करण्याइतकीच घराजवळच्या डोंगरावरून पायी फिरली, आणि ज्यांनी दुसऱ्या देशातल्या माणसाकडे आपल्यासारखाच पाण्याचा, धान्याचा, औषधाचा प्रश्न असलेला शेजारी म्हणून पाहिले.

आता पुन्हा कार्ल्याला येते. तिथल्या खांबांवर यवनांची नावे आहेत. दाराच्या कमानीपाशी धेनुकाकटच्या एका गंध विकणाऱ्याचे दान आहे आणि ज्या सुताराने दार घडवले त्याचेही नाव कोरलेले आहे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, एक श्रेष्ठी म्हणतो की हे जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह मी पूर्ण केले. सोपाऱ्याच्या भिक्षूचा खांब आहे. धेनुकाकट कार्ल्याजवळच होते असे कोसंबींचे मत. लेणी ही कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापारी वाटांच्या तोंडाशी आहेत, हे त्यांनी ठासून मांडले. तांडे चालू राहावेत, वाटेत लूट होऊ नये, पावसाळ्यात निवारा मिळावा, यात ग्रीकाचे आणि सुताराचे हित एक होते.

आणि तिथेच दोन लेख आहेत ज्यांपुढे मी दर वेळी थांबते. एकात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना वर्षावासासाठी करजिक नावाचे गाव देतो. ते बहुधा आजचे करंजगाव. पुढे सातवाहनांनी नहपानाचे राज्य मोडले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची नाणी गोळा करून त्यांवर आपला ठसा मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला ती हजारोंनी सापडली. शत्रूचा चेहरा पुसायचा तो इतक्या निश्चयाने. पण कार्ल्याचा दुसरा लेख वाचा. सातवाहनांची आज्ञा, मामाळच्या अमात्याला. मामाळ म्हणजे आपला मावळ, नाव तेव्हापासूनचे. आज्ञा अशी की करजक गाव वलूरकच्या भिक्षूंना द्यावे. राजा बदलला, नाणी पुसली, गाव मात्र तिथेच राहिले आणि कागद नव्याने झाला.

रविवारी सकाळी साडेसात वाजता मळवली स्टेशनवर आम्ही काही जण जमणार आहोत. शाळेची पंधरा-वीस मुले आहेत, शिक्षक आहेत, ज्यांना यायचे त्यांनी यावे. देवीचे दर्शन आधी, मग लेणे. गर्दी वाढायच्या आत दोन्ही लेख वाचायचे आहेत. पाण्याची बाटली आणि टॉर्च आणा.